भाऊबीजेचं रक्त

छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. वैदेहीस उमाआत्याचे आशीर्वाद.

तुझी मेल मनस्विनीनं मोठ्या अक्षरात छापून आणून दिली. आम्ही तिघी, म्हणजे मी, सूनबाई अमृता आणि नात मनस्विनी, बऱ्या आहोत. थंडी सुरू झाली आहे, नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, माझे गुडघे मात्र रोज न चुकता कुरकुरतात. हे पत्र मी हातानं लिहिते आहे. मनस्विनी त्याचे फोटो काढून आजच तुला पाठवील. फोन केला असता, पण फोनवर मला रडू फुटतं, आणि रडणाऱ्या म्हातारीचं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेत नाही.

आधी एक काम. तुझा सुयश शाळेच्या संघातून धावतो, रोज सकाळी सरावाला जातो, असं तू लिहिलं आहेस. हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर त्याला पळायला पाठवू नकोस. आत्याचा हट्ट समज.

आता तुझ्या मागणीचं. दादाच्या नावानं तिथलं विद्यापीठ व्याख्यानमाला सुरू करतं आहे आणि त्या पुस्तिकेसाठी बहिणीच्या आठवणींचं एक पान तुला हवं आहे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमची आई म्हणायची. पुस्तिकेत तसंच होणार. होऊ दे, मला त्याचं वाईट वाटत नाही.

तर लिहून घे. आमचे वडील, आबा, वैजापूरच्या तहसिलीत कारकून होते. एका दुपारी टेबलावर डोकं ठेवलं आणि गेले. साहेबांना वाटलं, डुलकी लागली. दादा तेव्हा मॅट्रिकला होता. आबांचं हृदय असं न सांगता बंद का पडलं, हे मी शोधून काढीन, असं तो आईला म्हणाला आणि त्यानं ते खरंच शोधून काढलं. इथल्या घाटी रुग्णालयात शिकून डॉक्टर झाला, अमेरिकेला गेला. तिथं पहिल्या वर्षी एका रोग्यानं त्याला अंगाला हात लावू दिला नाही, ‘खरा डॉक्टर बोलवा’ म्हणाला. हे त्यानं मला लिहिलं होतं, आईला नाही. सणावाराला सगळ्यांच्या पाळ्या तो घ्यायचा. तिथल्यांपेक्षा दुप्पट काम केल्याशिवाय आपल्याला कुणी उभं करत नाही, असं म्हणायचा. मला गणित त्यानंच शिकवलं आणि त्या गणितावर मी शाळेत नोकरी करून जन्म काढला. एवढं छापायला हरकत नाही.

पुढचं छापू नकोस. फक्त वाच.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीला तो एकटाच आला होता. तुझी शाळा होती म्हणून तू आणि वहिनी आला नव्हता. भाऊबीज त्यानं मुद्दाम धरली, कारण त्या एका दिवशी आम्ही चारी बहिणी पोराबाळांसकट वैजापूरला माहेरी असायचो. ओवाळून झालं आणि दादानं बॅगेतून सुया काढल्या. म्हणाला, आबांना जे झालं त्याच्यावर माझं काम चाललंय, सगळ्यांचं थोडं थोडं रक्त हवंय. आम्हाला कोण अभिमान. रांग लावून बसलो. नळ्या ठेवायला स्वच्छ काही हवं होतं, तर आईनं ओवाळणीचंच तबक धुऊन दिलं. घरकाम करणारी चतुराबाईसुद्धा बाही सारून पुढं आली.

“माझं बी रगत घ्या की दादा, लई चकरा येत्यात.”

“तुझं नको. फक्त घरातल्यांचं.”

“म्हंजी मी घरातली नाय व्हय?”

सगळे हसले. दादा हसला नाही. त्याचं नळ्यांवर नावं लिहिणं चाललं होतं.

त्यानं आमच्याकडून इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या. ते कागद कुणी वाचले नाहीत. भावाचा कागद कोण वाचतं? मग आम्ही निकालाची वाट पाहिली आणि काहीच आलं नाही. आता आमच्याकडची रीत तुला ठाऊक नसेल. डॉक्टर काही बोलला नाही म्हणजे सगळं ठीक. रिपोर्ट नाही म्हणजे रोग नाही. माझ्या शंतनूसाठी मुली बघायला लागले तेव्हा मी ठिकठिकाणी सांगायची, ‘आमच्या घरात सगळ्यांचं रक्त अमेरिकेत तपासलेलं आहे.’ अमृताच्या आईला हे इतकं आवडलं की तिनं पत्रिकासुद्धा नीट पाहिली नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती, असं आता उगाच वाटतं. दादा दर वर्षी शंतनूला खेळायचे बूट पाठवायचा. त्या रक्तानंतर एक-दोन वर्षांनी बूट बंद झाले आणि बुद्धिबळाचा पट आला. मग पुस्तकं आली, मग दुर्बीण. शंतनू म्हणायचा, मामा म्हातारा झाला. बूट त्यानं गुलमंडीवरून स्वतःच आणले.

दादाचं सांगणं ते एवढंच होतं.

शंतनूला ऊन लागलं, असं दादानं तुला सांगितल्याचं मला माहीत आहे. तेव्हा आम्हालाही तसंच वाटलं. दोन हजार नऊचा एप्रिल होता, चिकलठाण्याला कंपनीचे क्रिकेटचे सामने चालले होते. दुसरी धाव घेताना तो खाली बसला तो उठला नाही. अठ्ठावीस वर्षांचा होता. मनस्विनीला नुकते दात येत होते. दादाचा फोन आला. माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. रडता रडता त्यानं विचारलं, “उमे, पोस्टमॉर्टेममध्ये हृदयाचं वजन किती लिहिलंय?” मला वाटलं, डॉक्टर माणसाचं दुःख असंच बोलत असेल. मी तो कागद शोधला आणि आकडा वाचून दाखवला.

तेराव्याला अमृताची आई सगळ्यांसमोर म्हणाली, “तुम्ही तर म्हणाला होता, रक्त तपासलंय.” ती बाई भांडकुदळ आहे असं मी दोन वर्षं धरून चालले.

दोन हजार अकराच्या जानेवारीत दादाचा इथं सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मग त्याचं भाषण. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषणात त्यानं पडद्यावर एक तक्ता दाखवला. ‘मराठवाड्यातलं एक कुटुंब.’ गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, काळं म्हणजे रोग, अर्धं काळं म्हणजे दोष असून त्रास नाही, तिरकी रेघ म्हणजे मृत्यू. वर एक काळा चौकोन, त्यावर रेघ. त्याच्याखाली चार गोल, शेवटचे दोन एकाच टोकातून निघालेले. म्हणजे जुळ्या. आमच्या कुंदा-मंदा. दुसऱ्या गोलाखाली एकच मूल. बाकी तिघींना दोन-दोन, तीन-तीन. एकुलतं एक फक्त मला होतं, वैदेही. माझा गोल अर्धा काळा होता. त्याच्याखालचा चौकोन पुरता काळा, आणि त्यावर रेघ मारलेली. नवी मारली होती. शंतनू गेल्यावर त्यानं तक्ता दुरुस्त करून घेतला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. हात आपोआप हलतात.

घरी जेवायला बसल्यावर मी विचारलं. त्यानं काही नाकारलं नाही. म्हणाला, “निकाल कुणाला वैयक्तिक कळवायचे नाहीत, असा करार होता. तुम्ही सह्या केल्या होत्या.”

“करार विद्यापीठाशी होता. भाऊबीज कुणाशी होती?”

“उमे, तेव्हा त्याच्यावर औषध नव्हतं.”

“पळू नको, एवढं सांगायला औषध लागत नाही.”

मग तो खरं बोलला. “सांगितलं असतं तर शंतनूला मुलगी कुणी दिली असती? जुळ्यांच्या पोरी कुणी करून घेतल्या असत्या?”

“नसता झाला संसार त्याचा. बिनलग्नाचा राहिला असता, पण राहिला असता.”

तो भातात बोट फिरवत बसला. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. तक्त्यात आबांखाली चारच मुलं होती. आम्ही पाच. मी म्हटलं, “दादा, तू कुठं आहेस त्यात?” तर म्हणाला, “संशोधक स्वतःला नमुन्यात धरत नाही.”

त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणणं सोडलं. आज तुला लिहिताना तोंडवळणी पडलेलं नाव येतंय, इतकंच.

मी बहिणींच्या सगळ्या पोरांना पुण्याला नेऊन तपासून घेतलं. दोघांना तोच दोष निघाला, ज्यात हृदयाचा स्नायू जाड आणि जड होत जातो. मनस्विनीलाही निघाला. ती रोज एक गोळी घेते, दर वर्षी हृदयाची सोनोग्राफी करते, पळत नाही आणि शर्यतीला जात नाही. सतरा वर्षांची आहे, आज सकाळी माझ्याशी चहात साखर किती यावरून भांडली. माहीत झालेला रोग हा असा असतो. मला कधीच काही त्रास झाला नाही. काहींना होत नाही, म्हणून तर कळत नाही.

तू म्हणशील, मग मला का नाही सांगितलंस. मी त्याच रात्री सांगणार होते. त्यानं माझे हात धरले आणि म्हणाला, वैदेहीला मी सांगेन, बापाच्या तोंडून कळू दे. मी ऐकलं. पुढं दर भाऊबीजेला मी त्याला एकच फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची. पहिल्या वर्षी म्हणाला, सांगतो. दुसऱ्या वर्षी म्हणाला, सांगितलं, तिचं आणि मुलाचं सगळं ठीक आहे. नंतर दर वर्षी तेच. मी विश्वास ठेवला.

तुझ्या मेलमध्ये एक वाक्य आहे. ‘बाबा झोपेतच गेले, हृदय बंद पडलं म्हणतात, पण आपल्या घरात हृदयाचा त्रास तर कुणालाच नव्हता ना?’

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. जगभरच्या घरांना ज्यानं सावध केलं, त्यानं स्वतःच्या लेकीला सावध केलं नाही. का, ते तो आता सांगायला नाही. भीती वाटली असेल. तुझ्या डोळ्यांत आपण कसे दिसू याची भीती. आमच्या डोळ्यांची त्याला पर्वा नव्हती, तुझ्या डोळ्यांची होती. त्यानं तुझं आणि सुयशचं रक्त गुपचूप तपासलंही असेल, स्वच्छ निघालंही असेल. पण असल्या ‘असेल’वर मी एक मुलगा घालवलाय.

मनस्विनीचा रिपोर्ट सोबत पाठवते आहे. त्यात त्या दोषाचं नाव आहे. तो घेऊन तू आणि सुयश दोघंही हृदयाच्या डॉक्टरकडं जा. या आठवड्यात जा. व्याख्यानमाला पुढं ढकलली तरी चालते.

सुयश चिडेल, संघातून काढलं म्हणून रडेल. रडू दे. तुझाही माझ्यावर राग निघेल, बाप जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि आत्यानं काय लिहिलं म्हणून. तोही निघू दे. मला तुझ्याकडून पुस्तिकेची प्रत नको, आभार नकोत.

तपासणी झाली की कळव. चांगलं निघालं तरी कळव. या घरात कुणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी आता मानत नाही.

वाट पाहणारी तुझी आत्या,
शंतनूची आई,
उमा