धागा बांधलेला टमाटर

मी, कौमुदी श्यामकांत पांढरीपांडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार बूढापारा, रायपूर, डोकं ठिकाणावर असताना, चष्मा लावून आणि सकाळचा चहा झाल्यावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचा दाब नाही. आमच्यावर दाब आणील असा माणूस घरात उरलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करण्याचा विचार नाही, एकदाच पुरे.

कलम १. बूढापाऱ्यातल्या घराचा वरचा मजला आणि त्यावरची गच्ची माझ्या मालकीची आहे. खालचा मजला माझे दीर यशवंतराव यांचा होता, ते परवाच्या वर्षी गेले, आता तिथे त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ इंदू, राहते. वरचा मजला माझा मुलगा आशय याला द्यावा. तो समता कॉलोनीत फ्लॅटमध्ये राहतो आणि इथे येऊन राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याने विकला तरी माझं काही म्हणणं नाही. मेल्यावर म्हणणं ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि माझं पेन्शनचं खातं आशयलाच. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. दागिने आणि पाटा-वरवंटा सूनबाई मंजिरीला द्यावा. दागिने ती घालेल. पाट्याचं काय करेल ते ती जाणे, मिक्सर तिच्याकडे आहेच. मंजिरी स्वभावाने चांगली आहे, पण ती टमाटर फ्रिजमध्ये ठेवते. मी एकदा टोपलीभर दिले तर दुसऱ्या दिवशी थंड पाण्याच्या बाटल्यांशेजारी गारठून बसले होते बिचारे. मी विचारलं, "काहून गं?" तर म्हणाली, "आई, खराब हो जाएंगे ना." टमाटर फ्रिजमध्ये खराब होतो, बाहेर पिकतो. हे मृत्युपत्रात लिहावं लागतं आहे, म्हणजे जिवंतपणी किती वेळा सांगितलं असेल ते समजा.

कलम ४. माझ्या तेरवीच्या स्वयंपाकात बाजारचा हायब्रीड टमाटर वापरू नये. तो दुसऱ्या मजल्यावरून पडला तरी फुटत नाही आणि शिजवला तरी त्याला पाणी सुटत नाही. टमाटर कसा, हातात घेतला की जरा सांभाळून धरावासा वाटला पाहिजे. मी उन्हाळ्यात गेले तर चिंच वापरा. केटररला पनीरची लाल भाजी सांगाल तर याद राखा.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. वकील म्हणाले, टोमॅटो लिहा, कागद व्यवस्थित दिसतो. घरात आम्ही टमाटरच म्हणतो, तेव्हा तेच लिहीन.

माझ्या गच्चीवर जे टमाटर येतात त्यांचं बी माझ्या यजमानांनी आणलं. ते रेल्वेत गार्ड होते. डोंगरगडकडच्या एका लहानशा स्टेशनावर गाडी रखडली, तेव्हा एका गँगमनने आपल्या घरामागच्या बाडीतले टमाटर आणि मीठ त्यांच्यासमोर ठेवलं. त्यातला एक ते खिशात घालून घरी घेऊन आले. वर्दीचा खिसा लाल झाला, मी बोलले, आणि मग खाल्ला. चपटा, अंगाला घड्या पडलेला, साल इतकी पातळ की नखाने निघावी, आणि रस हातावरून कोपरापर्यंत. आंबट म्हणावा तर गोड वाटतो, गोड म्हणावा तर जीभ चुटकन वाजते. निखाऱ्यावर भाजून, हिरवी मिरची, लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून पाट्यावर वाटला, की नुसत्या भाताबरोबर माणूस दोनदा वाढून घेतो. उन्हाळ्यात रात्रभर पाण्यात भिजवलेल्या बासी भाताबरोबर काय लागला असता, हे सांगता येत नाही, कारण तोपर्यंत हे झाड टिकत नाही. हे एकच दुःख त्याने मला दिलं.

हे बी दरवर्षी पोळा झाला की पेरावं लागतं. एखादं वर्ष पेरलं नाही की गेलं समजा. म्हणून दर हंगामात झाडावरच्या चांगल्यातल्या चांगल्या फळांना मी धागा बांधते. धागेवाला टमाटर खायचा नाही, तो बियाण्याचा.

दहा-अकरा वर्षांपूर्वी मी आशयकडे गेले होते आणि पौष पौर्णिमेला, छेरछेराच्या दिवशी, पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, पोट्टे धान मागायला दारात आले. घरातलं धान संपलं होतं. इंदू गच्चीवर गेली. मी त्या वर्षी पूजेतला उरलेला लाल नाडा बांधला होता, तिला वाटलं देवासाठी, दानासाठीच बाजूला काढलेले आहेत. तिच्या माहेरी तशी पद्धत. तिने सगळे धागेवाले टमाटर पोट्ट्यांच्या झोळ्यांत टाकले. बाकीची फळं तिने माझ्यासाठी म्हणून जपून ठेवली होती, ती कच्ची आणि किडकी होती. मग थंडीचा पाला पडला, दव गोठलं आणि झाडं वाळली.

मी तिला चार माणसांत म्हणाले, "तुमच्याकडे आंधळे स्वयंपाक करतात काय गं?" तेव्हापासून आम्ही दोघी बोलत नाही. यशवंतराव गेले तेव्हा मी खाली गेले, तेरवीपर्यंत तिच्या घरचा स्वयंपाक केला, आणि बोलले नाही. तीही नाही बोलली. पाण्याची टाकी आमची एकच आहे.

बी मात्र वाचलं. त्याच्या पुढच्या पोळ्याला यशवंतरावांनी बाजारातून एक पुडी आणली. "वहिनी, पाहा बरं, लावून पाहा," म्हणाले. पान फुटताच मी ओळखलं, आपलंच. एवढ्या मोठ्या बाजारात आपलंच बी आपल्याला सापडावं! आमचं नशीब, आणि थोडं माझं नाक.

कलम ६. हे बी कोणाला द्यावं? आशयच्या फ्लॅटला ऊन नाही. तो म्हणतो, "आई, ऑनलाइन मिलता है सब." मंजिरीचा फ्रिज वर आलाच आहे. ज्याला कदर नाही त्याच्या हाती देण्यापेक्षा ते माझ्या अस्थींबरोबर राजिमच्या संगमात सोडून द्यावं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण दुसरी वाट दिसत नाही.

कलम ७. साक्षीदार दोन. पहिले शेजारचे दयाराम साहू. दुसरी साक्षीदार इंदू. वकील सुशील भैया यांनी समजावलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. दयाराम भैयांना याचं वाईट वाटू नये, त्यांना मी हयातीतच टमाटर देत आले आहे. इंदूचं नाव मी मुद्दाम घातलं आहे. म्हणजे उद्या आशयला दया आली तरी तिला या गच्चीतलं पान मिळायचं नाही.

*

पुरवणी. आज सह्यांसाठी सगळे वर आले असताना हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कलम ६ आणि ७ रद्द समजावीत.

इंदू आली. जिना चढताना तिचे गुडघे वाजत होते, ते मला आतपर्यंत ऐकू आलं. वकिलांनी कागद वाचून दाखवला. कलम ५ मधल्या पुडीपाशी ते पोचले आणि इंदूने हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाजारातून नाही आणलं, बाई," ती म्हणाली. "मीच दिलं होतं ह्यांच्याजवळ."

मी वकिलांच्या हातातला कागद काढून घेतला.

"दुसऱ्या दिवशी दारोदारी गेली मी. पोट्ट्यांनी सारे खाऊन टाकले होते. तलावाकडच्या एका घरी एक राहिला होता, फळीवर, धाग्यासकट. त्या बाईनं दिला परत. मी राखेत वाळवलं बी. ह्यांना म्हटलं, बाजारातून आणलं म्हणून सांगा."

"मग सांगितलं काहून नाही? इतके वर्षं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फेकलं असतं."

फेकलं असतं. ती मला माझ्याहून चांगली ओळखते. दयाराम भैया खिडकीबाहेर बघू लागले. मला रडू आलं, आणि वकिलांसमोर आलं याचा रागही आला. मग मी गच्चीवरून एक टमाटर आणला, विळीवर चिरला, मीठ लावून ताटली मधे ठेवली. इंदूने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "इतके वर्षं मले खाली नुसता वास येऊन राहिला होता, बाई." मी माफी मागितली नाही. दुसरी फोड तिच्याकडे सरकवली.

तेव्हा ठरलं ते असं. गच्ची इंदूच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील, आशयने वरचा मजला विकायचा तर ही अट सांगून विकावा. बी, खुरपी, झारी आणि कुंड्या इंदूच्या. पाटा-वरवंटाही इंदूचा, मंजिरी रागावणार नाही. इंदूनंतर बी कोणाला, हे इंदूने ठरवावं, माणसं ओळखायला ती माझ्यापेक्षा बरी आहे. राजिमला फक्त मला न्यावं.

एकच अट. दरवर्षी छेरछेराला, दारात जे येतील त्यांच्या झोळीत धागा बांधलेला एक टमाटर टाकावा. सगळे टाकू नयेत, इंदू.

वर लिहिलेलं मी वाचलं, इंदूने ऐकलं, आणि ते माझ्या मर्जीचं आहे.

ठिकाण: बूढापारा, रायपूर
दिनांक: १८ जानेवारी २०२६

सही: कौमुदी श्यामकांत पांढरीपांडे

साक्षीदार १: दयाराम साहू (सही)

साक्षीदार २: सुशील तिवारी, वकील (सही)

या जागी आधी लिहिलेलं इंदू यशवंतराव पांढरीपांडे हे नाव मी स्वतः खोडलं आहे. कारण: हिला मिळायचं आहे.