कुंडीला हसणारी माणसं

मंगळवार, १४ नोव्हेंबर

सूनबाईस आशीर्वाद.

तू बरी असशील. नात उंच झाली असेल. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? माझे होते तसेच आहेत, कुरकुरतात आणि चालतात. पाकिटामागचा पत्ता बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील तर खाली घे, त्याचं पुढे सांगते. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, मग मी ओरडते, आणि इथे मी ओरडले की सगळ्या जणी कान टवकारतात. त्यापेक्षा कागद बरा. अक्षर माझं मांजर शाईतून चालत गेल्यासारखं आहे. शाळेत मी किती टिकले ते तुला ठाऊक आहे, तेव्हा लागणार नाही तिथे अंदाजाने वाच.

काम एका फोटोचं आहे.

पाइप फुटला होता तो रविवार आठवतो ना? स्वयंपाकघरात पाणी, आणि आपण सगळे बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन प्लंबरची वाट बघत बसलेलो. तेव्हा तू डोक्याला टॉवेल गुंडाळलास, माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतलास आणि भिंतीपुढे उभी राहून माझी नक्कल सुरू केलीस. मीटर बघायला आलेल्या माणसाला मी झापलं होतं ते. "मीटर बघायला आलायस की घर बघायला? मीटर तिकडे आहे, मान इकडे का वळते?" कमरेवरचा हातसुद्धा माझाच. दुसरी सासू असती तर तुला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. मी हसले. दात वाटीत होते, तरी हसले. तुझा नवरा हसला. आणि म्हातारा हसला. आमच्या लग्नाच्या फोटोत तो दाढ काढून घ्यायला आल्यासारखा उभा आहे. त्या दिवशी मात्र मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तेवढ्यात नातीने फोन धरला आणि फोटो काढला. कुणाला कळलंही नाही, म्हणून तो चांगला आला. कळलं असतं तर सगळ्यांनी माना ताठ केल्या असत्या.

त्यानंतर आधी तो गेला, मग तू गेलीस. त्याचं कारण डॉक्टरने लिहून दिलं, तुमचं वकिलाने. मी दोन्ही वाचलं नाही.

आता पत्त्याचं. मी सध्या म्हाताऱ्यांसाठी असतं तशा एका ठिकाणी राहते. पाटीवर तसं लिहिलेलं नाही, पाटीवर फुलाचं नाव आहे. पोराला नावं ठेवायला हे पत्र नाही. त्याची नोकरी लांब गेली, तिथे त्याला एक खोली मिळाली, त्यात तो मावतो तेच खूप. मी जिन्यावरून घसरले, महिनाभर पडून होते. वरच्या मजल्यावर एकटी कशी राहणार? दोष द्यायचाच तर जिन्याला द्यावा. इथे वाईट काही नाही. चहा पाणचट असतो, पण वेळेवर असतो. शेजारच्या पलंगावर एक रिटायर शिक्षिका आहे. ती सकाळी उठल्या उठल्या कोण जागी, कोण झोपलेली, कुणाचा खोकला वाढला ते मोठ्याने सांगते, म्हणून आम्ही तिला हजेरी म्हणतो. मला गणितात नापास करणारी बाई अशीच होती, म्हणून माझं तिच्याशी जमतं.

इथे प्रत्येकीला डोक्याशी एक खिळा मिळतो. एकच. भिंत पोकळ आहे, दुसरा ठोकला की पोपडे पडतात. कुणी कॅलेंडर लावलंय, कुणी नवरा लावलाय. हजेरीने घड्याळ लावलंय. माझा खिळा रिकामा बघून पोराने विचारलं, आई, तुला काय हवं? मी म्हटलं, तो रविवारचा फोटो मोठा करून दे, म्हातारा हसतोय तो. लगेच हो म्हणाला. पोरगं तसं गुणाचं आहे, फक्त अर्धं ऐकतं.

मागल्या महिन्यात फ्रेम करून आणला. घाईत होता, गाडी पकडायची होती. तो गेल्यावर मी चष्मा लावून बघितला. पहिल्यांदा मी मला बघितलं. मला दात दिलेत. गालावरच्या सुरकुत्या इस्त्री करून काढल्यात. ते एक असो, लग्नात मिळालं नाही ते रूप आता मिळालं. मग म्हाताऱ्याला बघितलं. तो तसाच, मांडीवर थाप. पोरगा तसाच. सगळे एकाच बाजूला बघून पोट धरून हसतायत, आणि त्या बाजूला एक कुंडी.

तू नाहीस. तू उभी होतीस तिथे कुंडी आहे, हिरव्या पानांची.

हजेरी पलंगावरून वाकून बघत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या घरची माणसं कुंडीला का हसतायत?" मी म्हटलं, आमच्याकडे कुंड्या विनोदी असतात. पण मला तिचं म्हणणं लागलं. जो माणूस जन्मभर कशाला हसला नाही, तो आता कायमचा कुंडीला हसणार. बघणारा म्हणेल, म्हातारा शेवटी भ्रमिष्ट झाला होता वाटतं.

फोटोवाल्याचं दुकान इथून वळणावरच आहे. काठी घेतली आणि गेले. तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलणारा, पण भला माणूस. मी विचारलं, इथे एक बाई होती ती कुठे ठेवलीस? तो म्हणाला, आजी, बाई माझ्याकडे आलीच नाही. तुमच्या मुलाने ती आपल्या फोनवरच पुसून मग फोटो पाठवला होता. भिंतीवर पुसल्याचा डाग राहिला होता, तो झाकायला मी कुंडी घातली. मी म्हटलं, कुंडीला कोण हसतं रे? तो विचारात पडला. मग म्हणाला, "मांजर घालू का? मांजराकडे बघून माणसं हसतात." खरं सांगते, मी मांजराचा क्षणभर विचार केला. मग नको म्हटलं. म्हाताऱ्याला मांजरं आवडत नव्हती.

इथल्या ऑफिसातून पोराला फोन लावला. मूळ फोटो विचारला. म्हणाला, तो मी काढून टाकला. म्हणाला, "आई, रोज डोळ्यांसमोर बघून तुला त्रास झाला असता." मला त्रास. आईला होतो म्हणायला काही लागत नाही, स्वतःला होतो म्हणायला जीभ उचलत नाही. मी फोन ठेवला. तिकडे तोही एकटाच जेवतो.

तेव्हा तो फोटो आता फक्त नातीच्या फोनमध्ये असणार. तो मला हवाय. त्यात तू जशी आहेस तशी, टॉवेलासकट. माझे दात नसले तरी चालतील.

घाई आहे म्हणून लिहितेय. फ्रेम मी खाली काढून पलंगाखाली ठेवली, तर कोपऱ्यातली बाई लगेच इथल्या मोठ्या बाईंकडे गेली. तिला दुसरा नातू झालाय, तिला दुसरा खिळा हवाय. मोठ्या बाई मला म्हणाल्या, आजी, वापरत नसाल तर तिला देऊ. या महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. मी तूर्त खिळ्यावर टॉवेल टांगलाय. हजेरी म्हणते, टॉवेल वापरात धरत नाहीत.

बाकी ठीक. इथे चार ते सहा भेटीची वेळ असते. त्या वेळात मी भिंतीकडे तोंड करून पडते. झोप लागत नाही, पण झोपलेल्या बाईला "तुमचं आज कुणी आलं नाही का" असं कुणी विचारत नाही. फ्रेम होती तोवर हे जमत होतं, समोर म्हातारा तरी हसत असायचा. आता समोर नुसता टॉवेल असतो.

फोटोवाला म्हणाला की नातीने फोनवरून पाठवला तर मिनिटाचं काम आहे, तुम्हाला कुणी यायलाही नको. तुला कळवण्यासाठी त्याने आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दिलाय. चिठ्ठी माझ्यापाशी आहे. तो नंबर मी या पत्रात लिहिलेला नाही. म्हातारी विसरली असं समजू नकोस. दुकान कुठे आहे ते मी बरोबर येऊन दाखवीन.

तुमच्या त्या वकिलाच्या कागदावर तुझी सही आहे, त्याची आहे. माझी कुणी मागितली नव्हती, आणि मी केलेली नाही.

म्हणून,
तुझी सासू