जाळी उघडताना

प्रिय आई,

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल माझ्या हातून एक अख्खी जाळी बिघडली.

तू म्हणशील, जाळी कसली? अगं, मी ज्या चित्रकार बाईंकडे कामाला आहे ना, त्या सबंध पुस्तक हाताने छापतात, हातानेच शिवतात. आत शब्द एकही नाही, म्हणजे माझं चौथीपर्यंतचं शिक्षण पुरून उरतं! नुसतं चिमणीचं घरटं, पानागणिक वाढत जाणारं. लाकडी चौकटीवर जाळीचं बारीक कापड ताणायचं, त्याला लेप फासायचा, वर चित्र ठेवून दिव्याखाली धरायचं. मग मी पाणी मारते. उजेड लागला तिथला लेप पक्का होतो, चित्राखालचा कच्चा राहतो, तेवढाच वाहून जातो. त्याला बाई ‘जाळी उघडणं’ म्हणतात. उघडल्या जागेतून मागाहून शाई उतरते, पण शाईच्या आधी उजेड येतो गं. चौकट खिडकीशी धरली की काडी न् काडी उजळते. रोज बघते, तरी रोज अंगावर काटा येतो. वाटतं, हे माझ्या हातून झालं?

तुला एक सांगितलं नव्हतं. माझ्या छकुलीला दिसत नाही. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला वाटायचं, तो म्हाताऱ्यांनाच होतो. दिव्याकडे ती बघतसुद्धा नाही, मी बोलले की मात्र खुदकन हसते. डॉक्टर म्हणाले, आतलं पांढरं काढलं की उजेड आत जाईल. मी म्हटलं, म्हणजे जाळी उघडायची. ते म्हणाले, तसंच समजा, पण फार नाजूक काम आहे.

आणि काल माझं पाणी जोरात सुटलं. काड्यांमधला पक्का लेपही निघाला, घरट्याचा नुसता डाग झाला. बाई ओरडल्या, “अगं, कढई घासतेयस का?” मला रडूच फुटलं. आई, डॉक्टरांचाही हात माणसाचाच ना?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दुसरी चौकट केली आणि पाण्याची नळी परत माझ्याच हातात दिली. म्हणाल्या, “आता तूच उघड.” पाणी अगदी हलकं सोडलं. केसाएवढ्या काड्यासुद्धा आल्या गं! छकुली पाठीवर होती, पाण्याच्या आवाजाला हसत होती. समोर चौकटीतून एवढा उजेड, आणि तिला पत्ताच नाही.

परवा सकाळी ऑपरेशन आहे. हिचे बाबा बोटीवर, त्यांना येता येत नाही. तिला आत नेईपर्यंत कोणीतरी बोलत राहायला हवं, आणि माझ्या तोंडून तेव्हा शब्द फुटायचा नाही. दादाचा आवाज कसा, चार घरं पलीकडे जातो. लहानपणी दिवे गेले की तो बोलत बसायचा, मी झोपून जायची. पण मी माझ्या मनाने लग्न केल्यापासून माझा नंबर दिसला की तो फोन कापतो. म्हणून हे पत्र आपल्या गावच्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती आजच पाठवतेय.

तुझीच घाबरट,
धाकटी

आईला हे वाचून दाखवणारे जे कोणी असाल, त्यांना हात जोडते. तुमच्या फोनवरून माझ्या भावाला आत्ताच फोन लावा. नंबर आईच्या साखरेच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहिलाय. माझं नाव काढू नका, तो कापेल. एवढंच म्हणा, भाचीने बोलावलंय.