पडवीतला पंधराचा वारा

कुडाळ,
रविवार, १६ मार्च २०२५

चि. सिद्धेश,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन बंद, म्हणून कागद घेतला. स्टेलाच्या शेजारचे उद्या वैभववाडीला जाणार आहेत, त्यांच्या हाती देते. स्टेला आठवते ना, माझी शाळेतली मैत्रीण? तिचा गुडघा धरलाय, म्हणून चार दिवस मदतीला आलेय. बाकी सगळं ठीक. काजू यंदा बरे लागलेत. उकाडा मात्र मेला जीव घेतो.

ताईला तुझा घोर लागलाय, आई आहे तुझी. म्हणते, तू पुण्याहून आल्यापासून खोलीतून बाहेर येत नाहीस, पेजसुद्धा अर्धी टाकतोस. कॉलेजला परत जाणार नाही म्हणतोस. का ते मला माहीत आहे.

मलाही जेवण जात नाही रे. जन्म मासे साफ करण्यात गेला, आणि आता इथे स्टेला पेडवे तळायला घेते तेव्हा मी मागच्या दारी जाऊन बसते. त्याचं कारण सांगायलाच बसलेय, पण हात पुढे सरत नाही. तू जरा धीर धर.

गणपतीत तू आलास, आमच्या निवासाच्या गच्चीवर वारा मोजायच्या फिरत्या वाट्या बसवल्यास, पाऊस मोजायचं भांडं ठेवलंस, आणि पडवीत तो लहानसा पडदा लावलास. त्याच्या मागे तळहाताएवढा कॉम्प्युटर. मी म्हटलं, एवढ्याशा पाटीत सगळं हवामान मावतं? तू हसलास. पाहुणे सकाळी चहा घेऊन त्यासमोर उभे राहायचे. मला किती अभिमान! भाच्याने केलंय, म्हणून सांगत सुटायचे.

तुझ्या काकांनाही आवडलं होतं. मोबाईलवरून त्यातलं काय काय बदलता येतं, ते त्यांनी तुझ्याकडून शिकून घेतलं. वारा किलोमीटरमध्ये दाखवायचा की खलाशांच्या नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे जवळपास दोन किलोमीटर), तेही. खालचा शब्द वेगळा टाईप करावा लागतो, हेही तूच दाखवलंस.

अपघाताच्या दिवशी मी गच्चीवर सांडगे वाळत घातले होते. ताटासकट उडाले. मी खाली आले तर पडद्यावर वारा पंधरा. खाली लिहिलेलं, किमी. मला वाटलं, वाट्यांत काही अडकलं असेल. बाळा पडवीत उभा होता, आपल्या पॅरासेलिंगच्या होडीवरचा. काकांना म्हणत होता, "शेट, वारो बरो नाय. आज छत्री उडवया नको."

काका पाहुण्यांकडे वळले आणि म्हणाले, "हे बघा, शास्त्रीय यंत्र आहे. पंधरा. यात काहीच भीती नसते."

कोल्हापूरची नम्रता नावाची मुलगी नवऱ्याबरोबर आली होती. तिने पडद्याकडे बघितलं, मग माडांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. आणि छत्री बांधून घ्यायला गेली. होडीने छत्री वर ओढली आणि वाऱ्याने ती बाजूला फेकली, खडकावर. पुढचं तुला ठाऊक आहे.

तुला ठाऊक नाही ते आता लिहिते.

संध्याकाळी काकांनी तुला फोन केला, "तुझ्या यंत्रान घात केल्यान रे," म्हणून. पोलिसांनाही तेच सांगितलं. शिकाऊ भाच्याने बनवलेलं यंत्र, चुकीचा आकडा दाखवला. तू पुण्यात बसून ते तपासलंस, सगळं बरोबर निघालं, आणि तरीही तू स्वतःलाच दोष दिलास. कारण काका खोटं बोलतील हे तुझ्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही आलं.

पुढच्या आठवड्यात शेजारचे दोन हॉटेलवाले रात्री जेवायला आले. मी सुरमई तळून वाढत होते. तुझे काका तोंडात घास ठेवून हसत होते, बोटांवरून तेल ओघळत होतं.

"आकडो नॉटात ठेवचो आनि खाली किमी लिवचा," ते सांगत होते. "अठ्ठावीसाचे पंधरा जातत. गिऱ्हाईक काय मोजूक येता?"

एकाने विचारलं, "आनि पोलीस?"

"भाच्याचा यंत्र म्हणान सांगलंय. मागसून सगळा पूर्वीसारखा करून ठेवलंय. शिकणारो पोरगो, तेका कोण काय करतलो?"

तिघे हसले. एकाने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि ही युक्ती पुन्हा नीट सांग म्हणाला. शिकून घेत होता तो!

मी न्हाणीघरात जाऊन ओकले. परत आले तेव्हा पाहुणे गेले होते. मी विचारलं, "तुमी बदललास?"

"आकडो खोटो नाय गो. खालचो शब्द तेवढो."

"तिचे पाय मोडले."

"पाय जोडतत. धंदो बुडलो तर खातलंस काय?"

आणि त्याने मला कढी आणायला सांगितली. सिद्धेश, ओरडला असता, रडला असता, माझ्या अंगावर आला असता, तर मला एवढी शिसारी आली नसती. त्याला कढी हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळच्या इस्पितळात नम्रताला भेटायला गेले. एका पायात सळी आहे, दुसऱ्याचा घोटा फुटलाय. शाळेत खेळ शिकवते ती. चालेल म्हणतात, धावण्याचं कुणी काही बोलत नाही. खाटेजवळ फळांची टोपली होती, तुझ्या काकांनी, निलेशने, पाठवलेली. तिच्यात आमच्या निवासाचं कार्ड. कार्डामागे त्याच्या अक्षरात, 'कृपया नेटवर वाईट लिहू नये.' फळं तशीच सडत होती, वर चिलटं घोंघावत होती. मी टोपली उचलून बाहेरच्या कचराकुंडीत टाकली आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिले.

मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वारा जोरात आहे हे मला कळत होतं हो. पण पडदा बघितला आणि मला माझंच वाटणं खोटं वाटलं."

तिथून मी तडक मालवणला, पोलिसांत. साहेबांनी पाणी दिलं. म्हणाले, "बाई, घरी विचार केलात का? नवरा आहे तुमचा."

मी म्हटलं, "म्हणूनच मला माहीत आहे."

लिहून दिलं आणि सही केली. बाळाला कळलं तसा तोही आपणहून गेला. होडी तोच चालवत होता, त्याच्यावरही येईल. तरी गेला. निलेशने त्याला कामावरून काढलंय. मला फोन करून म्हणाला, भाच्यासाठी नवऱ्याला विकलंस. मी फोन ठेवला. उत्तर द्यायलासुद्धा त्याच्याशी तोंड उघडावं लागतं.

स्टेलाच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. मी घर सोडलंय. ताईला हे तू सांग, माझ्याने तिच्यासमोर बोलवणार नाही. ती म्हणेल, सावित्रीने या वयात संसार मोडला. म्हणू दे. पंचवीस वर्षं मी त्या माणसाचं उष्टं काढलं, ते आठवलं की अंगावर काटा येतो. त्यापुढे तिचं बोलणं काहीच नाही. स्टेलाच्या ओळखीने इथल्या एका खानावळीत सकाळचं काम मिळालंय. शाकाहारी आहे. हसू नको.

आता तुझं. यंत्र पोलिसांनी नेलंय. ते कसं चालतं हे समजावायला तुला बोलावतील. जा. दाराशी मान खाली घालून उभा राहू नकोस, खुर्चीवर बसून सांग. तुझ्या वाट्यांनी त्या दिवशी वारा बरोबर मोजला होता. नम्रताला मी तुझं नाव सांगितलंय. ती तुझ्यावर रागावलेली नाही. बरी झाली की तुझ्याशी बोलायचंय म्हणाली, कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

पत्र खाली ठेव, आंघोळ कर, आणि ताईसमोर बसून पोटभर जेव. परीक्षेला अजून वेळ आहे.

तुझ्या बाजूने सही करून आलेली,
तुझी मावशी
सावित्री