पडद्याआडचं पाऊल

प्रिय शिवकन्या,

फोन सोडून आई पत्र लिहायला बसली म्हणून हसू नकोस. घरात फोन एकच, तोही तुझ्या आप्पांच्या खिशात, आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. शेजारचा माऊली उद्या तुझ्या पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते.

बाकी बोरीत बरं आहे. दोन मेंढ्या व्याल्या. बायनाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला सगळ्यांच्या घरातली जळमटं दिसायला लागली आहेत. आप्पा तू दिलेला नवा पाय लावून रोज मेंढ्यांमागं जातात. पारावर बसले की सांगतात, “माझ्या लेकीनं पायात जीव घातलाय. खाली बघावंच लागत न्हाई.” ऐकणारे मान डोलावतात. मीही डोलवायची.

तुमच्या प्रयोगशाळेतला तो दिवस सारखा आठवतो. कापलेल्या पायाच्या नसा डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूत जोडल्या होत्या. तिथं यंत्र थरथरलं की घोटाच हलल्यासारखा वाटणार, हे तू मला चुलीजवळ बसून समजावलं होतंस. आप्पांच्या पायापुढं पडदा धरला होता. नव्या पायाचं पाऊल वरखाली करायचं बटण तुझ्या हातात, आणि तू समोर बसून विचारत होतीस, पाऊल वर गेलं की खाली. ते एकदाही चुकले नाहीत. सारखे तुझ्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं, लेकीचं कौतुक बघतायत. तुझ्या सरांनी टाळ्या वाजवल्या, मी तर रडलेच.

परवा मेंढ्या मुंजाजीच्या हरभऱ्यात शिरल्या. सगळा कळप डोळ्यांपुढून गेला तरी ह्यांना पत्ता नाही, कारण मान खाली, नजर पावलावर. मुंजाजी भांडून गेल्यावर मी खोदून विचारलं. आधी चिडले. मग म्हणाले, “थरथर लागती गं. पाऊल कुठं हाय ते न्हाई कळत.” मग तेव्हा सगळं बरोबर कसं सांगितलं? तर म्हणे, “वर असलं की पोरीची भुवई वर जाती. लहानपणापासून खोड हाय तिची.” मेंढीचा कान बघून ती कुठं पळणार हे ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला तुझी भुवई काय अवघड.

मला राग आला आणि रागावताही येईना. आपल्यात कुणाकडे कालवण अळणी निघालं तरी कुणी मीठ मागत नाही, बोटं चाटत उठतात. तू पहिल्यांदा केलेली भाकरी एका बाजूनं कच्ची होती, ती खाऊन ह्यांनी दुसरी मागून घेतली होती. पायाच्या बाबतीतही तसंच वागले. ज्या कामापायी तू दिवाळीलासुद्धा घरी आली नाहीस, त्याला लेकीच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यांच्या मनात. मला फार वाईट वाटतं गं. तुझ्या मेहनतीचं वाटतं, आणि ह्यांना तो पाय एकदा तरी खरंच आपला वाटायला हवा होता, ह्याचं त्याहून जास्त वाटतं.

तरी हे मी पोटातच ठेवलं असतं. पण काल ताडकळसच्या बाजारात बबिता भेटली, बांगड्यांचं दुकान लावते ती. तिचाही पाय मांडीपासून गेलाय. आप्पांनीच तिला सांगितलं होतं, “लय भारी हाय, घे करून.” येत्या सोमवारी तुमच्याकडे तिच्याही नसा जोडायच्या आहेत, ह्यांच्या उत्तरांवर भरवसा ठेवून. भरून आलेली जखम पुन्हा उघडणार. हे कळल्यापासून आप्पांना घास जात नाही, पण तुला सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. तू ते थांबव, पोरी. सरांना काय वाटेल, तुझ्या नावाचं काय होईल, ते नंतर बघू. बबिता तुला खरं तेच सांगेल, ती काही तुझा बाप नाही; पण तोवर तिची मांडी कापून झालेली असेल.

तुझीच,
आई