खाली पडलेला टॉवेल

गुरुवार, तेलगाव. दिवाबत्तीनंतर.

हिशेबाला बसले, पण चित्त नाही.

माझ्या मुलाच्या, अनिलच्या, कार वॉशिंग सेंटरचे मायक्रोफायबर टॉवेल मी आणि सून सुवर्णा घरीच धुतो. दुपारी घड्या घालताना निळा टॉवेल अंगणात पडला. ती म्हणाली, "आत्या, पडलेला टायरच्या ढिगात टाका. बॉडीला न्हाई चालत."

"लई श्रीमंत झालीस! नवा हाय, झटकला की झालं." ती आत गेल्यावर मी तो झटकून बॉडीच्या ढिगात ठेवला.

संध्याकाळी अनिल तोच निळा टॉवेल घेऊन आला. त्यात बारीक खडा अडकलेला. गिऱ्हाईकाच्या नव्या काळ्या गाडीवर ओरखडे उठले. "ढीग कुणी लावले?" मी तोंड उघडायच्या आत सुवर्णा म्हणाली, "माझ्याकडून चुकलं." तो तिला नको तेवढं बोलला.

'तोंड उघडायच्या आत' कशाला लिहिलं मी? नंतर वेळ भरपूर होता.

खाली पडलेलं फूल मी कधी देवाला वाहिलं नाही. मग तो टॉवेल बॉडीच्या ढिगात कसा ठेवला?

दिवा लावून सुवर्णा रोजच्यासारखी माझ्या पाया पडली. 'सुखी राहा' म्हणवेना. पाय मागे घेतले.