सावकाश चालणाऱ्यानं पुढे

आई, “दोघांनी मिळून जायचं तर सावकाश चालणाऱ्यानं पुढे असावं,” असं तू एकदा म्हणाली होतीस. सांगलीत, गणपतीच्या देवळाच्या वाटेवर. बाबा नेहमीसारखे पिशवी घेऊन पुढे निघून गेले होते आणि आपण दोघी मागे. तू ते त्यांना म्हणाली नव्हतीस, मलाही नाही. समोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखं म्हणालीस आणि पदर सावरून चालायला लागलीस. बाबा फारच लांब गेले की तुझी पंचाईत व्हायची. त्यांचं नाव तू घेणार नाहीस, आणि ‘अहो’ म्हटलं तर अर्धा बाजार वळून बघणार. मग तू माझ्या नावानं हाक मारायचीस, चांगल्या खणखणीत आवाजात. मी तुझं बोट धरून शेजारीच उभी असायचे, आणि तिकडे बाबा थांबायचे.

परवा शनिवारी आम्ही दोघं, मी आणि तुझा जावई, लीलला जाऊन आलो. लील म्हणजे फ्रान्सच्या पार उत्तरेचं शहर. लंडनमधल्या आमच्या हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइननं किंग्ज क्रॉसला जायचं, तिथून समुद्राखालून जाणारी ट्रेन पकडायची, की जेवायच्या वेळेपर्यंत आपण तिथे. तुझी नात गेल्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला गेली. तू तिला पाहिलंच नाहीस, म्हणून सांगते: इतकी वर्षं कुठेही निघालो तरी ती आमच्या मध्ये असायची आणि आम्ही तिच्या चालीनं चालायचो. ती गेल्यावर पहिल्यांदा भाजी आणायला बाहेर पडलो, तर हा आपला पुढे, मी मागे, आणि मधला फूटपाथ रिकामा. आम्हाला नुसतं दोघांना एकत्र चालता येतं का, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. म्हणून लीलची टूम मी काढली, आणि सायकलींची त्यानं. हो, मी सायकल चालवते आता. चाळिशी उलटल्यावर इथल्या पार्कात, कौन्सिलच्या क्लासला जाऊन शिकले. त्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त वेळा पडणारी बाई मीच.

स्टेशनजवळ सायकली भाड्यानं घेतल्या. त्यानं माझी सीट खाली करून दिली, ब्रेक दाबून बघितले आणि म्हणाला, फक्त माझ्या मागे ये. आणि निघालो ते दोघंही थेट रस्त्याच्या डाव्या बाजूनं, जणू हॅरोतच आहोत. काखेत लांबलचक पाव धरलेली एक आजी आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोट नाचवत बरंच काही बोलली. त्यानं तीनतीनदा सॉरी म्हटलं. मी एका पायावर तोल सांभाळत तिला नमस्कार केला. ती हसली, आमच्या सायकली हातानं धरून तिनं पलीकडे, उजव्या बाजूला वळवून दिल्या.

मग हा सुटला. कालव्याकडे जायचं होतं, जुन्या किल्ल्याभोवतीच्या झाडीत. त्याचं निळं जॅकेट लहान लहान होत गेलं. एका चौकात आमच्या मध्ये बस आली आणि मी पाय टेकून थांबले. आम्ही एकमेकांना नावानंच हाक मारतो, तुला ते नवल वाटलं असतं. मी त्याच्या नावानं ओरडले. पुन्हा ओरडले. त्याच्या कानात वारा. चारी बाजूंनी घंटा, गाड्या, न कळणारी भाषा, आणि तो चाललाच आहे. आणि माझ्या तोंडून लेकीचं नाव निघालं. खणखणीत. त्यानं करकचून ब्रेक लावला आणि भांबावून सगळीकडे बघायला लागला.

मी पोचले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “ती इथे कुठे?”

“इथे नाही. तू थांबावंस म्हणून हाक मारली.”

“मग माझं नाव घ्यायचं ना.”

“घेतलं. दोनदा.”

मग आधी त्याला हसू आलं की मला, आठवत नाही. मी हँडलवर डोकं टेकून हसत होते. तिथेच उभ्या उभ्या मी त्याला सगळं सांगितलं: देवळाची वाट, बाबांची पिशवी, तुझी हाक, तुझं ते वाक्य. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यानं सायकल वळवली आणि माझ्या मागे आणून उभी केली. “चल, तू लीड कर. फक्त राईटला राहा गं बाई.”

आई, मी पुढे चाललेय. कालव्याचं पाणी हिरवं आहे, काठाला लांब होड्या बांधल्यात, एकीच्या टपावर कुंडीत टोमॅटो लागलेत. मी मनाला येईल तिथे थांबतेय आणि तो मागून विनाकारण घंटी वाजवतोय. बाकावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वर तिथली पातळ वॉफल, आत व्हॅनिलाची साखर भरलेली. फ्रेंचांची साटोरी आहे ही, असं म्हणत त्यानं माझ्यातली अर्धी खाल्ली. सायकली परत करून जुन्या गावात पायी हिंडलो. एका चौकोनी अंगणात जुनी पुस्तकं विकायला होती आणि म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. तो डाव बघत उभा राहिला, मी न वाचता येणारी पुस्तकं उघडत राहिले. कुणालाच घाई नव्हती.

रात्री हॅरो स्टेशनवरून घरी येतानाही तो हट्टानं माझ्या मागेच. एका कुंपणावर जाई फुलली होती. मला थांबायचं होतं, पण पुढे असताना आपण थांबलो की मागचाही थांबतो आणि काय झालं विचारतो. मी म्हटलं, तू हो पुढे, आलेच. आणि तेव्हा तू आठवलीस. बाबांच्या मागे, लोकांच्या कंपाउंडबाहेर आलेल्या फांद्यांशी थबकणारी. देवळाशी पोचेपर्यंत तुझी ओंजळ भरलेली असायची. ते वाक्य तू बाबांना कधीच का ऐकवलं नाहीस, याचा मला आता अंदाज येतोय. मीही चार फुलं तोडली. ती इथे ओट्यावर बशीत आहेत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? फडताळातच राहील. एक मात्र सांगून टाकते. तुझा आवाज मी विसरले होते. चेहरा आठवायचा, आवाज नाही. त्या चौकात तो माझ्या गळ्यातून निघाला आणि सगळ्यात आधी मीच दचकले.

बाबाही आता तिकडेच आहेत. एकदा, फक्त एकदा, तू त्यांच्या पुढे चाल. फुलं मग कोण तोडणार, असं म्हणून तू नाहीच म्हणशील. तरी चालून बघ ना.